पोट्ट्यांचा क्लब, कूलर आणि माझे ३४० रुपये

ऑफिसमधल्या दोघी-तिघी कधीच्या मागे लागल्यात की तुझ्या त्या शाळेतल्या पोरांच्या क्लबचं नेमकं कसं काय जमवलंस ते सांग, आम्हालाही आमच्या भागात करायचंय. आता हे काही डब्याच्या अर्ध्या तासात सांगून होत नाही, आणि खरं सांगायचं तर मी जमवलं असंही नाही, मी जमवायला गेले ते पहिल्याच वर्षी पार बसलं. तर तिथूनच सुरू करते.

मी अकाउंट्समध्ये आहे, राहते नागपुरात मानेवाडा साईडला. २०२२ च्या जुलैत आमच्या जुन्या शाळेतल्या मोठ्या मॅडमनी माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, कोरोनात दोन वर्षं घरी बसून पोरं एकदम गप्प झालीत, शनिवारी शाळा सुटल्यावर कुणी येऊन त्यांच्यासोबत काही करता का म्हणून. मी हात वर केला. आणि मग नेहमी करते तेच केलं, एक्सेल उघडलं. पर्यावरण क्लब असं नाव मीच ठरवलं, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशी पदं मीच ठरवली, वर्षभराचं कॅलेंडर केलं, भाच्याच्या मागे लागून लोगो करून घेतला. आठवी-नववीची तेवीस पोरं पहिल्या शनिवारी आली. आम्ही झाडं लावली, घोषणा देत रॅली काढली, प्लास्टिकवर निबंध झाला, प्रत्येक वेळी फोटो, मॅडम खूश, मी खूश. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर गेले तर चार पोट्टे बसलेले, त्यातले दोघं आलूबोंड्यासाठी आले होते, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मला पोरांचाच राग आला, आजकालच्या मुलांना कशाचंच काही नाही वगैरे. घरी येऊन बडबड केली तर आमचे हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "क्लब तुझा होता ना, ते कशाला येतील?" दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

त्या उन्हाळ्यात जरा वाचलं, विचारलं. रॉजर हार्ट म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, मुलं एखाद्या कामात खरोखर किती सहभागी आहेत ते ओळखायची. तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, मुलांना वापरून घेणं, सजावटीसारखं उभं करणं आणि नुसतं नावापुरतं बसवणं. माझी रॅली दुसऱ्या पायरीवर होती, टोप्यांसकट. वाचून बरं नाही वाटलं. पण त्याहून जास्त डोक्यात बसली ती आपल्या नागपुरातलीच गोष्ट, विजय बारसे सरांची. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे ते, पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली आणि त्यांनी त्यांना फुटबॉल दिला, २००१ पासून त्यातूनच पुढे झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. ही गोष्ट मी आधी दहादा ऐकली होती, पण पोरं आधीच खेळत होती हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी मात्र माझा बॉल घेऊन गेले होते आणि यांना खेळता येत नाही म्हणून चिडले होते.

म्हणून २०२३ ला, जूनच्या शेवटी शाळा उघडल्यावर (आपल्याकडे विदर्भात उशिराच उघडतात, ऊनच तसं असतं), मी काहीच घेऊन गेले नाही. एकच प्रश्न विचारला, तुम्हाला कशाचा राग येतो? पहिली पंधरा मिनिटं नुसती खिदळली. मग सुरू झालं. मुलींच्या संडासाची कडी तुटली आहे, बस स्टॉपच्या पुढे जाऊन थांबते मग पळावं लागतं, पीटीच्या तासाला गणित घेतात, भाऊ मोबाईल देत नाही. मी फळ्यावर सगळं लिहीत गेले, मोबाईलवाल्या भावासकट. शेवटी मागच्या बाकावरची एक नववीतली मुलगी म्हणाली, मला आमच्या बाजूच्या काकूंच्या कूलरचा राग येतो. सगळे हसले. ती हसली नाही. मागच्या वर्षी तिला आणि तिच्या लहान भावाला दोघांनाही डेंग्यू झाला होता, भाऊ आठ दिवस दवाखान्यात ॲडमिट, हिची युनिट टेस्ट बुडाली, आणि बाजूच्या घराचा कूलर खिडकीत तसाच पाणी भरलेला, कितीदा सांगितलं तरी काढत नाहीत.

आता नागपूरच्या माणसाला कूलर काय ते सांगायला नको. मार्चपासून जूनपर्यंत तो घरातला माणूसच असतो, पंचेचाळीस डिग्रीत त्याच्यापुढून कुणी उठत नाही. वांधा पुढे आहे. पाऊस आला की आपण त्याला विसरतो आणि तो लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर तसाच, टाकीत वीतभर पाणी घेऊन, दिवाळीपर्यंत. त्या मुलीने हे सांगितल्यावर अजून सहा-सात हात वर आले, कुणाच्या घरी कुणाला ना कुणाला डेंग्यू होऊन गेलाच होता. क्लब तिथे सुरू झाला. नाव बरेच दिवस नव्हतंच, नंतर त्यांनी 'कूलर गँग' ठेवलं, मोठ्या मॅडमना ते आवडलं नाही पण मी मध्ये पडले नाही.

मेंटॉर म्हणून मी एवढंच केलं की माझ्या ओळखीतला कामाचा माणूस आणून दिला. आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात, हिवताप खात्यातून रिटायर झालेले. त्यांना म्हटलं पोरांना जरा सांगा. मला वाटलं लेक्चर देतील. त्यांनी सगळ्यांना थेट शाळेच्या मागे नेलं, तिथे स्टाफरूमचा कूलर होता, शाळेचाच बरं का. झाकण काढलं, मोबाईलचा टॉर्च मारला. पाणी चहासारखं, वर गवताची घाण, आणि त्यात बारीक बारीक काहीतरी लटकलेलं. हाताची सावली पडली तशी सगळी वळवळत खाली गेली आणि अर्ध्या मिनिटात परत वर. एक पोट्टी किंचाळली. काका म्हणाले, "हे पाहा, डोकं खाली अन् शेपटी वर करून लटकून हाये ना, हे मलेरियाचे नाही. मलेरियाचा असता तं पाण्याले चिकटून आडवा पडून राहिला असता. हे डेंग्यूवाले असू शकतेत. आठ-दहा दिवसांत याचा मच्छर होते अन् तो दिवसा चावते, रात्री मच्छरदानी लावून काही फायदा नाही." मग त्यांनी बोट टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर फिरवलं, जिथे क्षाराचा पांढरा पट्टा बसतो ना, तिथे. "तुमी पानी फेकून देसान अन् खूश होसान. पण अंडी कुठी हायेत? इथं. तिळाहून बारीक. वाळली तरी महिनोन् महिने मरत नाही, पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली का पुन्हा सुरू. घासल्याशिवाय काही होत नाही." मी एवढी वर्षं कूलर वापरते, मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन आमचा कूलर पाहिला. सांगत नाही काय निघालं ते.

पुढचा शनिवार सर्वेचा. प्रश्नावली मी करून नेली होती (सवय जात नाही), पहिला प्रश्न, आपण डेंग्यूबाबत जागरूक आहात काय? एका पोराने वाचला आणि म्हणाला, "काकू, याला कोण नाही म्हणेल?" खोडला. दुसरा खोडला. शेवटी त्यांनी तीनच ठेवले, कूलर शेवटचा कधी चालवला, आत्ता पाणी आहे का, आणि काढला काऊन नाही. तिसऱ्यानेच सगळं उघडं पाडलं. आम्ही धरून चाललो होतो की लोकं आळशी आहेत, जनजागृती करावी लागेल, पोस्टर वगैरे. पण पोरं चार गल्ल्या फिरून आली तर उत्तरं भलतीच. एक आजी म्हणाल्या, बाळा मला वाकता येत नाही आणि तो पाच फुटांवर आहे. एका घरी बूच गंजलं होतं, पाणी निघतच नव्हतं. कुणाचा कूलर बसवणारा फोन उचलत नाही. आणि कितीतरी घरी एकच, मुलगा पुण्याला असतो, दिवाळीत आला की काढेल. ती बाजूची काकूसुद्धा त्यातलीच निघाली, एकटी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. आमची ती नववीतली मुलगी हे सांगताना जरा ओशाळली होती.

पोस्टर रद्द. आता प्रश्न एवढाच की कूलर रिकामा कसा करायचा, आणि इथे आमच्या वर्गातला सगळ्यात गप्प पोट्टा उभा राहिला, ज्याला शिक्षक मठ्ठ म्हणायचे. त्याच्या बाबांचं चौकात कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान, हा सुट्टीत तिथेच असतो. म्हणाला, बूच उघडायची गरजच नाही, पाईप टाकून पाणी खाली ओढायचं, राहिलेलं कपड्याने टिपायचं, मग कोरड्या ब्रशने भिंत घासायची. गंजलेल्या बुचाला कापड गुंडाळून पाना कसा लावायचा ते त्याने डेमो देऊन दाखवलं. त्याचे बाबा रविवारी दोन तास द्यायला तयार झाले, ज्यांना कूलर खाली उतरवून हवा त्यांची यादी पोरं करणार आणि ते ठरवलेल्या कमी पैशात उतरवणार, त्यांनाही काम मिळालं. ही डोकॅलिटी माझी नाही हे इथे नमूद करते.

आता जिथे माझं चुकलं ते. ऑगस्टमध्ये एका घरी मालक म्हणाले बंद आहे, घाला हात. कूलरचं बटण बंद होतं, पण पिन बोर्डातच होती आणि बोर्डाचं बटण चालू. पोराने ओल्या टाकीत हात घातला आणि झटका बसून मागे पडला. काही झालं नाही, हात झिणझिण्या, चेहरा पांढराफटक, पाच मिनिटांत हसायला लागला. मी नाही हसले. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपण वाचतो, आणि मी मोठी माणूस तिथे वही घेऊन उभी होते. त्या रात्री त्याच्या घरी जाऊन आईबाबांना स्वतः सांगितलं, पाय थरथरत होते माझे. त्याची आई बोलली मला, बोलणारच. दुकानवाल्या बाबांनी नंतर समजावलं की कूलरचं बटण न्यूट्रलवर जोडलेलं असलं तर बंद करूनही आत करंट राहतो. मग नियम ठरला, तो पोरांनीच शब्दांत बसवला, पिन डोळ्याला दिसल्याशिवाय हात नाही. पालकांची लेखी परवानगी परत नव्याने घेतली, दोघादोघांच्या जोड्या, घराच्या आत जायचं नाही, प्रत्येक गल्लीत एक मोठं माणूस. हे सगळं आधीच करायला हवं होतं. मी लोगोवर तीन आठवडे घालवले होते एक वर्ष आधी, आणि हे सुचलं नाही.

याच्या उलट टी-शर्टची भानगड. आमच्या भागातले एक भावी नगरसेवक, त्यांना कुठून तरी कळलं, सगळ्यांना टी-शर्ट देतो म्हणाले, पाठीवर त्यांचा फोटो. मला अजिबात नको होतं. पोरांनी मतदान घेतलं, टी-शर्ट जिंकला, मोठ्या फरकाने. मी गप्प बसले, फार जड गेलं. पुढच्या रविवारी तो घालून गेले तर पलीकडच्या गल्लीत दारंच उघडेनात, एक जण वरून ओरडला, निवडणुकीत या. दुपारी परत आले तेव्हा सगळ्यांनी टी-शर्ट उलटे घातले होते. त्यावर चर्चाही झाली नाही, नंतर ते टाकी टिपायला वापरले, कापड चांगलं होतं.

मी बोलायचं कधी आणि गप्प कधी बसायचं, यावर माझं स्वतःपुरतं ठरलंय, करंट आणि पाणी. बाकी सगळ्यात त्यांनी आपटलं तरी चालेल. पाण्याचं असं की त्याच सप्टेंबरात २३ तारखेला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, आणि सकाळी आठला माझा फोन वाजायला लागला, काकू आपण जाऊया मदतीला. मी सरळ नाही म्हटलं, मतदान नाही, काही नाही. रुसली. दोन दिवसांनी म्हटलं, तिथल्या लोकांना कोरड्या चादरी आणि ब्लिचिंग पावडर लागेल, ते गोळा करा, पोचवायला मोठे जातील. केलं. पण त्या नाहीचं अजूनही ऐकून घेते.

हां, मारबतीचं राहिलंच. त्या वर्षी अधिक महिना होता म्हणून पोळा सप्टेंबरच्या मध्यात आला, ऐन डेंग्यूत. कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपण बडग्या करू. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडत लोकं तिला गावाबाहेर नेऊन जाळतात, सोबत त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचे बडगे असतात, भ्रष्टाचार, महागाई, काहीही. तर यांनी बांबू आणि जुन्या पेपरांचा कूलर केला, त्यातून बाहेर डोकावणारा मच्छर, त्याला मिशा. महाल भागातल्या मोठ्या मिरवणुकीत नाही, आमच्याच चार गल्ल्यांत फिरवला, तान्ह्या पोळ्याची लहान पोरं लाकडी बैल घेऊन मागे मागे. "डेंग्यू घेऊन जा गे मारबत" ओरडून ओरडून घसे बसले. माझ्या पहिल्या वर्षीच्या रॅलीला तेवीस पोरं होती आणि रस्त्यावर एकही माणूस थांबला नव्हता. इथे लोकं गॅलरीत आली, आणि त्या रविवारच्या यादीत एका दिवसात सगळ्यात जास्त नावं आली. डेंग्यू कमी झाला का, असं मॅडमनी विचारलं होतं रिपोर्टसाठी. चार गल्ल्यांवरून तसं काही म्हणता येत नाही, मी तसं लिहूनही दिलं नाही.

पैशाचं. शाळेने थोडे दिले, थोडे आम्ही माजी विद्यार्थ्यांनी, ब्रश, पाईप, हातमोजे, झेरॉक्स, नाश्ता, एवढाच खर्च. हिशोब त्याच कूलरवाल्या मुलीकडे, तिने स्वतः मागून घेतला. शंभर पानी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, बिल मागे डिंकाने चिकटवलेलं. एकदा मी घाईत बॅनर करून आणला, ३४० रुपये, दुकानदाराने बिल दिलं नाही आणि मी मागितलं नाही. तिने पैसे दिले नाहीत. मी म्हटलं अगं मी अकाउंटंट आहे. ती म्हणाली, "मग तर तुम्हाला माहीतच असेल ना काकू." वहीत लिहिलं, काकू, बॅनर, ३४०, बिल नाही. ते पैसे मला आजतागायत मिळालेले नाहीत.

सगळ्यात अवघड काय असं कुणी विचारलं तर शॉकचा प्रसंग सोडला तर दहावी. नववीत जी पोरं तयार होतात ती जूनमध्ये दहावीत जातात आणि दिवाळीनंतर घरचे सांगतात, आता बास. बरोबरच आहे त्यांचं. एवढं जमलेलं सगळं दर वर्षी मार्चमध्ये निघून जातं. म्हणून आता जानेवारीतच वही बदलते. एक शनिवार जुनी आणि नवी पोरं एकत्र बसतात, मी नसते तिथे, वही, पाईप, पाना, चार गल्ल्यांची यादी आणि कुणाच्या घरी कुत्रं आहे याची नोंद, सगळं हातात दिलं जातं. पहिल्या वेळी ती मुलगी वही देताना रडली आणि मग नव्या पोराला खडसावलं की अक्षर सुधार. पहिल्याच आठवड्यात त्या पोराने वही चाळून मला विचारलं, काकू, हे ३४० चं बिल मिळालं का?

तो दुकानवाला पोट्टा दहावी पास होऊन आयटीआयला इलेक्ट्रिशियनला गेला. गल्लीत दिसला की ओरडतो, पिन काढली का!

आता नवीन बॅच म्हणते आम्हाला कूलर नको. म्हणजे यादी चालू ठेवू, रविवारचं काम दुकानवाल्या काकांसोबत चालू ठेवू, पण आमचं वेगळं काहीतरी. फळ्यावर परत रागांची यादी झाली, त्यात बसस्टॉप अजूनही आहे, आणि संडासाची कडीही, जी मधल्या काळात एकदा बसवून झाली आणि परत तुटली. माझं मत कडीच्या बाजूने आहे, मी कुणाला सांगितलेलं नाही. या शनिवारी ठरवणार आहेत. मीटिंग पाच वाजता आहे आणि मला साडेपाचला यायला सांगितलंय, येताना आलूबोंडे आणायचे आहेत, बिलासकट.